सुरूंखालची पंगत

गुरुवार, २२ मार्च १९५६

पोहोचलो, अल्लाची कृपा. घर माझ्या कल्पनेपेक्षा चांगलं निघालं. छावणीच्या फाटकाच्या आत डाव्या हाताला दोन खोल्या आणि मागे एक चिंचोळं स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात नळ. सामान खाली ठेवायच्या आधी मी तो उघडला, बंद केला, पुन्हा उघडला. मला लॉरीतून घेऊन आलेला ड्रायव्हर, उस्ता शहाता, दाराला टेकून हसत होता. म्हणाला, काका, पाणी कुठे पळून जात नाही, आधी घाम पुसा. त्याला काय कळणार. माझी बायको नबविया लग्न होऊन आली त्या दिवसापासून गावच्या कालव्यावरून डोक्यावर हंडा आणते आहे. इन्साफ पंधरा वर्षांची झाली, तिचीही मान आता त्याच वाटेला लागली आहे. ईदला दोघी इथे राहायलाच येतील. तेव्हा मी काही बोलणार नाही, नुसतं नळाकडे बोट दाखवीन.

फिक्री एफेंदी बरोबर आले होते. इंग्रजांनी सोडलेल्या छावण्या ताब्यात घेणाऱ्या कचेरीत ते कारकून आहेत. त्यांनी काम समजावलं. आत कुणाला शिरू द्यायचं नाही, पत्रे आणि खिडक्या चोरीला जाऊ द्यायच्या नाहीत, सुरूच्या झाडांना पाणी सोडायचं. ईदनंतर आपलं सैन्य इथे येईल. तोवर छावणी नीट सांभाळली तर पुढेही पहारेकरी मीच आणि घर माझं. मधेच सोडून गेलो तर घर दुसऱ्याला. एवढ्या मोठ्या जागेत मी एकटाच का, असं विचारलं, तर म्हणाले, इतकी वर्षं हजारोंचं ओझं वाहिलं या जमिनीनं, तुमचं एकट्याचं काय.

सुरू फार सुंदर वाढले आहेत. बराकींच्या ओळीपुढे त्यांची दाट रांग आहे आणि तलावाकडून वारा आला की सगळे मिळून एकच लांब श्वास घेतात. एफेंदी म्हणाले, ही झाडं करारातली आहेत. छत्तीस सालच्या तहात लिहिलेलंच होतं की इंग्रजांचं सैन्य मिसरमध्ये जहाजांच्या कालव्याकाठी राहील, त्याला बराकी आपण बांधून द्यायच्या, आणि झाडं लावून, बागा करून द्यायच्या. सावलीसुद्धा तहात लिहून घेतात, हे मला ठाऊक नव्हतं.

शनिवार, २४ मार्च

सगळी छावणी फिरलो. बराकींत काही उरलेलं नाही. खाटा गेल्या, दिवे गेले, भिंतींवर खिळे तेवढे आहेत. एका भिंतीवर पेन्सिलीनं कुणीतरी गल्ली काढली आहे, एकाला एक चिकटलेली उतरत्या छपरांची घरं. चित्र काही खास नाही, पण एका घराची प्रत्येक खिडकी, दाराची कडी, पायरीवरचं मांजर, सगळं जपून काढलं आहे. बाकीची घरं नुसत्या रेघा. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

जहाजांचा कालवा या तलावातूनच जातो, पण इथून पाणी दिसत नाही. वाळूच्या उंचवट्यामागून जहाजांचा वरचा भाग तेवढा सरकत जातो. आज एका जहाजावर एक माणूस कपडे वाळत घालत होता. मी हात केला. त्यानं बहुधा पाहिलं नाही.

गावी मी पाणीफाटकाचा राखणदार होतो. संध्याकाळी माणसं कट्ट्यावर येऊन बसायची, दिवसभराचं बोलून मोकळी व्हायची. इथे बोलायला कुणी नाही, म्हणून अस्रच्या, दुपार कलतानाच्या, नमाजानंतर लिहायचं ठरवलं आहे. मकतबात, गावच्या कुराणशाळेत, आमचे शेख म्हणायचे, मितवल्लीचं अक्षर बरं आहे, डोकं जरा सावकाश चालतं.

मंगळवार, २७ मार्च

दुपारी सुरूंखाली चटई टाकली. भाकरी, बाकल्याची उसळ, कांदा, आणि नबवियानं मडक्यात भरून दिलेलं मुरवलेलं खारं चीज. घरी मी कधी एकटा जेवलेलो नाही. बिस्मिल्ला म्हटलं, भाकरी मोडली, आणि सवयीनं मान वर करून बराकींकडे बघत म्हणालो, या, बसा जेवायला.

हे आपल्याकडे म्हणायचंच असतं. वाटेनं कुणी जाताना दिसला, ओळखीचा असो नसो, खाणारा म्हणतो, या. जाणारा छातीवर हात ठेवून म्हणतो, जेवा सुखानं, आणि पुढे चालू लागतो. बोलावणाराही ते जाणतो आणि जाणाराही. कुणी खरंच येऊन बसला तर गाव त्याला वर्षभर चिडवील.

पण आज मी नुसतं तोंडानं म्हणालो नाही. कुणी आलं असतं तर मला बरं वाटलं असतं. समोर जेवा सुखानं म्हणणारं कुणीच नव्हतं, त्यामुळे ते शब्द तसेच हवेत राहिल्यासारखे वाटले. मग स्वतःचंच हसू आलं. जेवलो आणि तिथेच थोडा पडलो. फार दिवसांनी सोबत असल्यासारखं वाटलं.

शुक्रवार, ३० मार्च

जुम्म्याच्या नमाजाला जवळच्या वाडीत गेलो होतो, अबू घुनैमात. पाच-पंचवीस घरं, मातीची मशीद. तिथले इमाम शेख तुहामी माझ्याच वयाचे आहेत, मासेमारीही करतात. नमाजानंतर त्यांनी घरी नेऊन तळलेले मासे खाऊ घातले. ते नमूद करण्याजोगं अशासाठी की पोट भरलं. गेले तीन दिवस छावणीत मी जेवतो आणि भूक जागची हलत नाही. आधी वाटलं, खाऱ्या हवेनं भूक वाढली असेल. काल दोन माणसांचं खाल्लं. भाकरी जड लागते, गिळताना जाते, आणि मग काहीच नाही. जणू दुसऱ्याला जेवताना बघत बसलो होतो.

आणखी एक. सुरूंवर चिमण्या पुष्कळ आहेत, पण माझ्या चटईवरचे तुकडे टिपायला एकही उतरत नाही. मुंग्याही लागत नाहीत. उसळीचं भांडं तसंच ठेवलं होतं, रात्र उलटली तरी एक मुंगी नाही. माझ्या आयुष्यात मी असं अन्न पाहिलेलं नाही.

सोमवार, २ एप्रिल

शहाता पीठ आणि रॉकेल घेऊन आला. त्याला जेवायला बसवलं. माणूस समोर होता म्हणून मी खूष होतो. जेवताना त्यानं फिक्री एफेंदींची नक्कल केली, सही करण्याआधी ते पेनाला फुंकर कशी मारतात ती. मी खूप हसलो.

जेवून उठला आणि म्हणाला, काका, अजून आहे का काही? दिलं. तेही संपवलं. मग लॉरीत ठेवलेली स्वतःची शिदोरी काढली आणि उभ्याउभ्या खाल्ली. म्हणाला, काकूंनी चीजमध्ये काय घातलंय, पोटाला भोक पडलंय माझ्या. तो हसत होता, पण त्याचा हात पुन्हा पुन्हा पोटावर जात होता.

चटई झटकायला मी वाकलो तेव्हा त्यानंच विचारलं, काल गोरे पाहुणे आले होते का? मी म्हटलं, इथे कोण येतं? त्यानं वाळूकडे बोट केलं. चटईभोवती वाळू जागोजागी दबलेली होती, आणि प्रत्येक दबलेल्या जागेपुढे टाचांचे दोन खड्डे. आपण बसतो तशी मांडी घातलेली नव्हती. जमिनीवर बसायची सवय नसलेला माणूस पाय पुढे पसरून बसतो, तसे.

शहाता म्हणाला, वाळूत काय, वारा काहीही काढतो. आणि निघाला. नेहमी तो चहा घेतल्याशिवाय जात नाही.

गुरुवार, ५ एप्रिल

रोज सकाळी मी वाळू झाडून सारखी करतो. रोज जेवण झालं की खुणा असतात. आज चटईची चौथी बाजूही भरली होती आणि मागे दुसरी रांग सुरू झाली होती.

दिसत काही नाही. ऐकू काही येत नाही. भर दुपारी, लख्ख उन्हात, नाही. फक्त वारा. तलावाकडून येणारा वारा आधी अंगावर सपाट येई. आता तो पट्ट्यापट्ट्यांनी येतो, एक गार पट्टा, मग काही नाही, मग पुन्हा पट्टा. बाजारात गर्दीच्या मागे उभं राहिलं की माणसांमधल्या फटींतून वारा लागतो, अगदी तसा.

जेवताना मी मोठ्यानं म्हणालो, तुम्ही जे कुणी असाल, पोटभर खा. भीतीनं म्हणालो की आदरानं, ते मला सांगता येणार नाही. म्हणायला नको होतं, हे मात्र लगेच कळलं.

शुक्रवार, ६ एप्रिल

शेख तुहामींना सगळं सांगितलं. आधी त्यांनी थट्टा केली, म्हणाले, बायको आणून घ्या, सगळी भुतं तीच हाकलील. मग मी बोलावण्याचं सांगितलं तेव्हा ते थांबले. जाळं शिवत होते, सुई तशीच हातात राहिली.

त्यांनी विचारलं, 'नको' कुणी म्हणालं का?

मी म्हटलं, म्हणायला कुणी होतंच कुठे?

ते म्हणाले, "मग ते आमंत्रण अजून उभंच आहे, मितवल्ली. नाकारलं गेलं असतं तर संपलं असतं. मनापासून बोलावलंत आणि कुणी मोडलं नाही."

छावणीच्या रस्त्यापलीकडे इंग्रज सैनिकांचं कबरस्तान आहे, पांढऱ्या दगडांच्या रांगा, नीट राखलेलं. शेखांच्या खिडकीतून ते दिसतं. आम्ही दोघांनीही तिकडे पाहिलं. शेवटी ते म्हणाले की आलेल्या पाहुण्याला घालवता येत नाही, तो आपणहून उठतो. पोट भरलं की उठतो. मी विचारलं, आणि यांचं भरतच नसेल तर? त्यांनी मला आणखी दोन मासे वाढले.

सोमवार, ९ एप्रिल

आज बाहेर चटई टाकली नाही. दार-खिडक्या लावून घरात जेवलो. बोलावणं झाडाखालचं होतं, घरातलं नव्हतं. उंबरठ्याच्या आत कुणी आलं नाही. पण भाकरी तशीच गेली, पोकळ.

नंतर दार उघडलं. बाहेर वारा होता, सुरूंचे शेंडे हलत होते. दारात उभा राहिलो, तर अंगाला एक झुळूक लागेना. हात पुढे केला. हाताला लागेना. उंबरठ्यापासून सुरूंपर्यंत वाळू तुडवलेली होती, ओळीनं, धक्काबुक्की न करता, सैनिक रांगेत उभे राहतात तशी. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही एवढं त्यांना कुणीतरी शिकवलं असावं. कुणाची तरी आई असेल.

दिवसभर शहाताची वाट पाहिली. लॉरी आली, पण तो खाली उतरला नाही. पोती फाटकावर टाकली. खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाला, काका, रोजे गुरुवारपासून आहेत, तुम्ही आधीच धरलेत की काय, गालफडं बघा. मी म्हटलं, उतर, चहा घे. तो म्हणाला, जेवा सुखानं. चहाला कुणी असं म्हणत नाही.

गुरुवार, १२ एप्रिल

रमजान लागला. मला मोठा धीर आला होता. या महिन्यात सैतानांना साखळदंड घातले जातात, हे मी पोरवयापासून ऐकत आलो आहे. सूर्य बुडाला, वाडीतली अजान वाऱ्यावर आली, मी खजूर तोंडात घातला.

वारा पट्ट्यांनी येत होता.

म्हणजे हे सैतान नव्हेत. माणसंच आहेत. घरापासून दूर राहिलेली, मेलेली, भुकेली माणसं. हे कळल्यावर भीती कमी व्हायला हवी होती.

सोमवार, १६ एप्रिल

दिवसभर रोजा असतो, आणि सूर्यास्तानंतर जे खातो तेही माझं नसतं. झग्याला दोरी बांधतो आता. वुजूला, नमाजाआधी हातपाय धुताना, हातांकडे पाहिलं तर बापाचे हात दिसले, शेवटच्या आजारातले.

पळून जावं असं काल दिवसभर वाटत होतं. मग घर जाईल. आणि मी गावात जाऊन भाकरी मोडली आणि तिथेही वारा अडला तर? आमंत्रण जागेचं होतं की माझं, हे मला ठाऊक नाही. तो प्रयोग मी नबवियाच्या ताटावर करणार नाही. त्या दोघी इथे यायच्या आत ही माणसं उठली पाहिजेत. एवढंच मागतो प्रत्येक सजद्यात.

शनिवार, २१ एप्रिल

फिक्री एफेंदी तपासणीला आले. सगळं जागच्या जागी बघून समाधान झालं. माझ्याकडे बघून म्हणाले, रोजे इतके कडक धरू नका, देवालाही माणूस जिवंत हवा असतो. मग सावलीत बसले आणि मी विचारलं, साहेब, ती इंग्रज माणसं गेली कशी? त्यांना कसं उठवलं?

ते रंगात आले. म्हणाले, तोफांनी नाही, शाईनं. जुन्या तहात साफ लिहिलेलं होतं की हे सैन्य म्हणजे कब्जा नव्हे, मित्राच्या घरी मित्र राहिला आहे. आणि तो कधीपर्यंत राहणार, तर मिसरचं सैन्य स्वतःच्या बळावर कालवा राखू शकतं असं दोन्ही बाजूंनी मान्य करेपर्यंत.

"जा म्हणून भागत नव्हतं, मितवल्ली. आम्ही एकटे पुरेसे आहोत, हे आम्ही म्हणायचं आणि ते त्यांना पटायला हवं. आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. पटायला माणसं मरावी लागली."

मी विचारलं, आणि जे इथेच मातीत गेले ते? ते कधी जाणार होते?

एफेंदींनी टोपी काढून पुसली. म्हणाले, करारात जिवंत तेवढेच मोजतात हो.

जाताना त्यांनी खिशातलं संत्रं मला दिलं. इफ्तारला ते सोललं. आत फोडी होत्या, रस होता, चव नव्हती.

सोमवार, २३ एप्रिल

एकटे पुरेसे आहोत. दोन दिवस हेच डोक्यात घोळतं आहे. मी त्यांना बोलावलं ते मला एकट्याला राहवलं नाही म्हणून. ते त्याच कारणानं थांबले आहेत. मी एकटा पुरेसा आहे हे त्यांना पटलं तर उठतील.

आज इफ्तारच्या वेळी सुरूंखाली उभा राहिलो आणि सांगितलं. तुमचे उपकार आहेत, सोबत केलीत. आता मला कुणी नको. मी एकटा पुरेसा आहे.

वारा आला. सपाट, गार, खाऱ्या वासाचा, सगळ्या अंगावर. मी रडलो. खजूर गोड लागला. आणि मनात आलं, आता नबविया आणि इन्साफ खुशाल येऊ शकतील, ईदला तिघे मिळून—

वारा थांबला.

बुधवार, २५ एप्रिल

त्यांना फसवता येत नाही. शब्द ऐकत नाहीत, आतलं ऐकतात. दिवसातून कितीदा मी नमाजात म्हणतो, अल्ला मला पुरे आहे. किती वर्षं म्हणतो आहे. मनात मात्र घरच्या दोघी कायम. देवानं ते चालवून घेतलं. हे घेत नाहीत.

शुक्रवार, २७ एप्रिल

शहाताला फाटकावर थांबवलं. तोंडीच निरोप दिला. आमच्या गावावरूनच त्याची वाट आहे. नबवियाला सांग, ईदला येऊ नका. ईदनंतरही नको. मी बरा आहे. मला इथे एकट्याला बरं वाटतं.

त्यानं विचारलं, असंच सांगू? अगदी या शब्दांत?

मी म्हटलं, अगदी या शब्दांत. खरं वाटेल असं सांग.

त्यानं लॉरीचं इंजिन बंद केलं. मग म्हणाला, काका, रमजानात मला खोटं बोलायला लावू नका. मी म्हटलं, खोटं नाही. आणि ते खोटं राहू नये म्हणून त्याच्या देखत त्या दोघींची नावं मनातून एकेक पुसली, पाटीवरून पुसतात तशी. इन्साफच्या नावाला वेळ लागला.

सोमवार, ३० एप्रिल

वारा येतो. भाकरी पोटात राहते. आज चटईवर चिमण्या उतरल्या.

वाळू सपाट आहे. जहाजं जातात, मी हात करत नाही.

गुरुवार, ३ मे

पोट भरतं. झोप येते. नळ उघडत नाही फारसा, हौदावरच वुजू करतो. शेख तुहामी म्हणाले, चेहऱ्यावर तुकतुकी आली. मी म्हटलं, हो. त्यांनी घरी जेवायला बोलावलं, मी छातीवर हात ठेवून नको म्हणालो. नको म्हणणं आता सोपं जातं.

मंगळवार, ८ मे

लिहिण्यासारखं काही नाही. कुणासाठी लिहायचं, तेही नाही.

गुरुवार, १० मे

चंद्र दिसला म्हणे, उद्या ईद. वाडीत पोरांचा गलका चालला आहे. मी सुरूंना पाणी सोडलं. गावी आज बायका ईदची कहक बिस्किटं भाजत असतील, पिठीसाखर— नाही. हे लिहू नये.

वारा आहे. आहे अजून.

शुक्रवार, ११ मे. ईद

सकाळचा नमाज पढून परत आलो. फाटकात उभा होतो. तलावाचा वारा पाठीवर लागत होता. रस्त्याला शहाताची लॉरी दिसली. ईदच्या दिवशी लॉरी कशाला. मग पुढच्या सीटवर काळे कपडे दिसले, आणि खिडकीतून बाहेर आलेला एक हात. बांगड्या इन्साफच्या.

शहातानं निरोप दिलाच नाही. उतरता उतरता म्हणाला, मारा मला काका, पण नाही जमलं.

मी ओरडून सांगणार होतो, मागे वळा. खरंच सांगणार होतो. पण पोरगी उतरली आणि हसली, आणि माझ्या छातीत जे काही पुसून ठेवलं होतं ते सगळं एकदम—

पाठीवरचा वारा थांबला.

मी मागे पाहिलं नाही. मनाशी म्हणालो, भुकेनं आणि एकटेपणानं तुझं डोकं फिरलं होतं, एवढंच. या दोघींना काही दिसणार नाही. आता सगळं संपेल.

नबविया डोक्यावर टोपली घेऊन फाटकापर्यंत आली. माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहिलं आणि थबकली. मग तिनं टोपली खाली ठेवली आणि चेहऱ्यावर बुरखा ओढून घेतला. इन्साफचाही ओढला. नजर खाली घातली. परक्या पुरुषांच्या घोळक्यासमोर बाई उभी राहते तशा दोघी उभ्या राहिल्या.

तिथे मी एकटा होतो.

तिनं हळू आवाजात विचारलं, "इतकी माणसं ईदला बोलावलीत आणि मला कळवलंही नाहीत?"

अजून तोच दिवस, दुपार

शहाता गेला. त्यानं काही पाहिलं नाही. किंवा पाहिलं. गाडी वळवताना गिअर तीनदा चुकला.

मी तिला म्हटलं, चल, इथून आत्ताच जाऊ, घर नको, नळ नको. तिला वाटतं मी लाजलो आहे, घरात पुरेसं पीठ नाही म्हणून. म्हणाली, "आपल्याच सैन्यातली पोरं असतील. किती वाळलीत ती. कुणाच्या तरी पोटची आहेत ना." ती आणि इन्साफ स्वयंपाकघरात आहेत. पोतं रिकामं करताहेत. मी हात धरला तर रागावली, सणाच्या दिवशी दारातल्या भुकेल्याला घालवायचं असतं का म्हणून.

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं. ती हसली. एकटं ठेवलं तर हे असं होतं म्हणाली, आता मी आले आहे ना.

इन्साफ खिडकीशी उभी आहे. मोजते आहे. सुरूंपर्यंत पोचली आणि थांबली, म्हणाली, बाबा, रस्त्यापलीकडूनही येताहेत.

सुरू हलताहेत, घरात वाऱ्याचा लवलेश नाही. चुलीतली ज्योत दिव्यासारखी सरळ उभी—

पहिली भाकरी तिनं चुलीवरून उतरवली. चाखून पाहिली. पुन्हा चाखते आहे. माझ्याकडे बघते आहे आणि तिचा हात पोटावर—

मी म्हटलं, नबविया, खाऊ नकोस, आणि त्यांना काही बोलू नकोस, एक शब्दही. ती झग्याला हात पुसत दाराकडे निघाली. बाहेर उन्हात ताटकळत ठेवलंत म्हणते. मी दार धरून उभा राहणार आहे. उठायच्या आतच इन्साफनं आतून कडी काढली, आईनं सांगितलं म्हणून, आणि नबविया उंबरठ्यावर मान लववून त्यांना म्हणते आहे, आत या, घर तुमचंच—